सरदाराची बक्षिसी

खोप्लुंग, सोलू
२२ आश्विन, विक्रम संवत २०४८

ग्याल्जेन,

मी छोकी. गोंपाच्या खालच्या अंगाला माझं घर आहे, दारात एक लंगडी झोम गाय बांधलेली असते, आणि तुझा बाप माझ्याच पोटचा, म्हणजे हिशेबाने मी तुझी आजी लागते. ओळख मुद्दाम देते आहे. पावसाळ्याआधी काठमांडूला गेलास तो गेलासच. एक कागद नाही की निरोप नाही. आता हे पत्र उघडून विचारशील, ही कोण बुवा म्हातारी?

लिहून अनी छिमी देते आहे. गोंपातली संन्यासीण ती, मला अक्षर येत नाही हे तिला माहीत आहे, म्हणून येते बिचारी. पण तिने आधीच बजावून ठेवलंय की ती खोटं लिहिणार नाही आणि शिवी लिहिणार नाही. आता दोन्ही सोडायचं म्हटल्यावर तुझ्याविषयी लिहायला उरतं काय?

तू डोंगर फिरायला येणाऱ्या साहेबलोकांचा सरदार, म्हणजे हमालांचा मुकादम झालास, हे मला बाजारात लोणी विकणाऱ्या बाईकडून कळलं. तिला वाटलं मला माहीतच असणार. मी पण मान अशी हलवली की जशी मीच नेमणूक केली. म्हणजे आता साहेबलोकांच्या पुढे तू मोकळ्या हाताने चालणार आणि ओझी मागून येणार. तुझा बाप जन्मभर मागून आला. आमच्या घरात पुढे चालणारा तूच पहिला, तेव्हा निदान वाट चुकू नकोस.

हमाल म्हणून च्याम्टेच्या जसमान राईला आणि त्याच्या भावकीला घेतलंस, हे मात्र शहाण्यासारखं केलंस. जसमानने तुझ्या बापाबरोबर ओझी वाहिली आहेत. तो सांगेल तर खालची सगळी गावं तुझ्यामागे येतील, आणि तो नको म्हणाला तर कुत्रं येणार नाही.

आता एक ऐक. शेवटच्या दिवशी साहेबलोक बक्षिसी देतात. ती सरदाराच्या हातात देतात आणि सरदाराने ती वाटायची असते. तेव्हा हावऱ्यासारखा झेप घालू नकोस. कुणाच्या घरी दारूचा, आपल्या छांगेचा, पेला पुढे आला की काय करतोस? पहिल्यांदा पेल्यावर हात धरायचा. दुसऱ्यांदा ‘पुरे, पुरे’ म्हणायचं. तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी घ्यायचं. तेच इथे. लोकांना कळू दे की तू उकिरड्यावर वाढलेला नाहीस.

अनी विचारते आहे, आशीर्वाद लिहू का? लिही म्हटलं, कागद उरलाय तर.

छोकीआजी (अंगठा)

*

बौद्धनाथ, काठमांडू
६ मंसिर

आजी,

तुला विसरेन का मी? कामाची गर्दी होती, एवढंच. आता सगळं पार पडलं. डेन्मार्कची सहा माणसं होती. त्यांचा म्होरक्या आस्गेर साहेब, शाळामास्तर आहे, इतका उंच की प्रत्येक चहाच्या दुकानाच्या चौकटीवर कपाळ आपटायचा आणि चौकटीची माफी मागायचा. त्याची बायको बिर्गित. वाटेत भेटलेल्या प्रत्येक याकचा फोटो तिच्याकडे आहे. कुणी आजारी पडलं नाही, काही हरवलं नाही. ऑफिसचे मालक खूश आहेत. म्हणाले, वसंतात आणखी एक तुकडी देतो.

थंडी फार आहे का? झोमचा पाय कसा आहे?

जसमान दाजू भेटला तर त्याला सांग, बक्षिसी पोस्टाने येणार आहे. डेन्मार्कातलं पोस्ट फार चांगलं असतं म्हणे.

तुझा ग्याल्जेन

*

खोप्लुंग
२९ मंसिर

ग्याल्जेन,

झोमचा पाय तू गावात होतास तेव्हापासून लंगडाच आहे. तिची चौकशी आजवर कधी केली नव्हतीस. तेव्हाच मी अनीला म्हटलं, हा पोरगा काहीतरी लपवतोय.

ऐक, काय झालं. जसमानची बायको परवा बटाटे बदलायला वर आली. दरवर्षी येते, माझ्या चुलीपाशी बसते, माझी छांग पिते आणि माझ्या छांगेला नावं ठेवते. या वेळी दारातूनच टोपली खाली ठेवली.

‘बस गं,’ मी म्हटलं.

‘घाई आहे.’

‘घोटभर घे.’

‘नको.’

मी पुन्हा म्हटलं. नको. तिसऱ्यांदा पेला तिच्या हातात द्यायला गेले, तर हात मागे! ग्याल्जेन, माझ्या दारात आजवर कुणी तिसऱ्यांदा हात मागे घेतला नव्हता. माझी वाचाच बसली. आणि माझी वाचा बसली तर काय होतं ते तुला ठाऊक आहे, गोंपातले लामा खाली बघायला येतात.

मग ती म्हणाली, ‘तुमच्या नातवाच्या घरचं आता आमच्या घशाखाली उतरत नाही आमा. त्याने आमच्या माणसांची बक्षिसी खाल्ली.’

तिचं म्हणणं असं. लुकलाला विमानतळाजवळच्या अंगणात हमाल नाचत होते. सगळ्यांनी पाहिलं, साहेबाने पाकीट काढलं. तुझ्या हाताशी आणलं. मग दोघांनी मिठी मारली. मिठी सुटली तर पाकीट नाही! आणि दुसऱ्या दिवशी तू सांगितलंस, पोस्टाने येणार. ती म्हणाली, ‘आमा, पाकीट समोर होतं, मग ते पोस्टाने कशाला जाईल? विमानात बसून डेन्मार्कला जायचं आणि तिथून पुन्हा तिकीट लावून यायचं?’

तू खाल्लं नाहीस हे मला माहीत आहे. तू लहानपणी साखर चोरलीस की तुझे कान लाल व्हायचे आणि आख्ख्या गावाला कळायचं. पण पत्रात कान दिसत नाहीत. तेव्हा सरळ सांग. अनी म्हणते, खोटं वाचायला पण तिला जड जातं.

छोकीआजी

*

बौद्धनाथ
१४ पौष

आजी,

सांगतो. पण अनीला हसू देऊ नकोस.

शेवटच्या संध्याकाळी जेवणाआधी आस्गेर साहेबाने छोटं भाषण केलं. मग पाकीट काढलं, जाडजूड, आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. मला तुझं पत्र आठवलं. मी पाकिटावर हात धरला आणि म्हणालो, ‘नो, नो.’ अगदी पेल्यावर धरावा तसा धरला. चांगला जमला होता.

बिर्गित बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, बघा, आपली रीत किती आवडली! आस्गेर साहेबाने मला मिठी मारली. जोरात. मिठी सुटली तेव्हा पाकीट त्याच्या खिशात होतं.

मी म्हटलं, ठीक आहे, दुसऱ्यांदा विचारेल. मी जवळच थांबलो. त्याने सूप घेतलं, मी समोर. दात घासले, मी समोर. सकाळी विमानतळावर त्याची पिशवी मीच धरली. तो म्हणाला, ‘ग्याल्जेन, तू किती प्रेमळ आहेस.’ शेवटी विमानाच्या पायरीवर वळून त्याने खिशात हात घातला. आजी, मी एक पाऊल पुढे झालो. त्याने रुमाल काढला आणि हलवला.

विमान उडालं. दरीवरून वळून गेलं. मी तिथेच उभा. मागून जसमान दाजूने विचारलं, ‘सरदारजी, आमचं काय?’ तो टोमणाच होता, पण मी काय सांगणार? ‘मी नाही म्हणालो आणि त्याने ऐकलं,’ हे सांगू? सगळ्या रस्त्याला हसू झालं असतं. तोंडून निघून गेलं, पोस्टाने येणार. आणि साहेबाला मागायचं तरी कसं? तू नाही म्हणायला शिकवलंस, मागायला कुठे शिकवलंस?

आता दाजू खालच्या गावांत सांगत फिरतोय की ग्याल्जेनबरोबर जाऊ नका. मालकांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, ज्याला हमाल मिळत नाहीत तो कसला सरदार? वसंतापर्यंत जसमान परत आला नाही तर मला पुन्हा स्वैपाक्याच्या हाताखाली भांडी घासायला पाठवणार आहेत. भांड्यांचं सोड. पण मी हमालांचं खाल्लं असं म्हणतील, ते माझ्या नावाला कायमचं चिकटेल.

ग्याल्जेन

*

खोप्लुंग
२६ पौष

ग्याल्जेन,

अनी हसली. मी तिला अडवलं नाही, कारण मला स्वतःला श्वास घेता येत नव्हता. रुमाल! दात घासले, मी समोर! तिला चष्मा काढून पुसावा लागला. आता तिने लिहायला घेतलंय पण मधेच खांदे हलतात, म्हणून अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

हसून झालं. आता बोलते. मी शिकवलं ते बरोबरच शिकवलं. त्या साहेबाला त्याच्या आजीने काही शिकवलं नाही, त्याला मी काय करू?

काल मी छांगेचं मोठं मडकं घेऊन च्याम्टेला उतरले. या गुडघ्यांनी. आपल्याकडे मडकं घेऊन आलेल्याचं प्यायलं की त्याचं मागणं ऐकावंच लागतं, आणि हे जसमानला चांगलं माहीत आहे. म्हणून तो पीतच नाही! मी पेला धरून बसले, तो पेल्याकडे बघत बसला. छांगेचा वास त्याच्या नाकात जात होता, बिचाऱ्याने तोंड फिरवलं. मी तुझी सगळी हकिगत सांगितली. तो म्हणाला, ‘आमा, तुम्ही मोठ्या आहात म्हणून ऐकून घेतो. पण नाही म्हटलं आणि माणसाने खिशात परत घातलं, असं या पृथ्वीवर कुठे होतं का? नातू सांगतो आणि तुम्ही पदरात घेता.’

मडकं भरलेलं परत आणलं. चढावर ते किती जड झालं म्हणून सांगू!

तेव्हा आता त्या साहेबाला पत्र पाठव. मी सांगते ते त्याच्या भाषेत लिही, एक शब्द बदलू नकोस:

‘साहेब, तुम्ही फार उंच आहात असं ऐकते, पण वरचा मजला रिकामा दिसतो. आमच्याकडे पहिलं नाही हे नाही नसतं. पहिलं नाही म्हणजे, मी उपाशी नाही. दुसरं नाही म्हणजे, बघू तुम्ही मनापासून देताय का. तिसऱ्यांदा घेतलं म्हणजे आता आपण एकमेकांचे. तुम्ही पहिल्यालाच खिसा शिवलात. त्या पाकिटात जसमान राईचं आणि त्याच्या भावांचंही होतं. माझ्या नातवाला आता इकडे चोर म्हणतात. पाकिटाचं काय केलंत ते खरं खरं लिहा. छोकी.’

अनी म्हणते, ‘वरचा मजला’ शिवीत येतं. मी म्हटलं, नाही, ती घराची गोष्ट आहे.

छोकीआजी

*

बौद्धनाथ
१ फाल्गुन

आजी,

साहेबाचं उत्तर आलं! सोबत फोटो आहे. पत्र मी आपल्या भाषेत उतरवलंय. आधी बसून घे, मग अनीला वाचायला सांग:

‘आदरणीय छोकीबाई,

तुमचं प्रेमळ पत्र मिळालं. माझी उंची ऐकून तुम्हाला देवदाराची आठवण झाली, हे वाचून मी संकोचलो. तुम्ही मला मुलासारखं मानता, याबद्दल आभार.

पण पत्राचा पुढचा भाग वाचून आम्हा दोघांना जेवण गेलं नाही. आमच्याकडे माणूस नाही म्हणाला की त्याला पुन्हा विचारणं हा त्याचा अपमान असतो. हे मला माझ्या आजीनेच शिकवलं. ग्याल्जेनने हात धरला तेव्हा आम्हाला वाटलं, असा माणूस आम्ही जन्मात पाहिला नाही. ते पाकीट घरी आणल्यावर कुणालाच त्यातलं वापरवेना. मग सहाही जणांनी ठरवलं की त्याच्या नावाने काहीतरी करायचं. आमच्या गावात तळं आहे. त्याच्या काठी आम्ही एक बाक बसवला. फोटो पाठवत आहे. बाकावर पितळी पट्टी आहे. तिच्यावर लिहिलं आहे: “पर्वतातल्या ग्याल्जेनसाठी, ज्याला काहीच नको होतं.” लोक तिथे बसून बदकांना पाव घालतात.

ही पट्टी आता मला बघवत नाही. मी वेगळ्या वाटेने शाळेत जातो.

चैत्राच्या सुरुवातीला बिर्गित आणि मी पुन्हा येत आहोत. ग्याल्जेन आणि तीच माणसं सोबत हवीत, असं ऑफिसला कळवलं आहे. जे द्यायचं होतं ते मी स्वतः देईन, आणि या वेळी लवकर हार मानणार नाही.

आस्गेर’

बघितलंस? मालकांनी सांगितलंय, जसमान आला तरच तुकडी माझी. नाही तर दुसऱ्या सरदाराला देतो. आजी, काहीतरी कर. आणि साहेबाला पुन्हा स्वतः काही कळवू नकोस.

ग्याल्जेन

*

खोप्लुंग
१२ फाल्गुन

अरे देवदारा,

मी कुणाला मुलासारखं मानलं? मी कधी गोड बोलले? माझ्या पत्राची तू खीर केलीस, ते मला कळलंय. अनी म्हणते, चांगलंच केलं. संन्याशांचा काही भरवसा नाही.

पण ऐक. काल फोटो घेऊन मी पुन्हा खाली गेले, अनीला सोबत घेऊन. जसमान अंगणात बांबूची डाल विणत होता, भाऊ आजूबाजूला. मान वर न करता म्हणाला, ‘या आमा. आलं का पोस्टाने?’

‘आलं,’ मी म्हटलं आणि फोटो दिला.

त्याने उलटा धरला, सुलटा धरला. ‘हे काय?’

‘तुझी बक्षिसी.’

‘हा बाक आहे.’

‘हो. चांगला मजबूत दिसतो.’

अनीने सगळं पत्र वाचून दाखवलं. ‘ज्याला काहीच नको होतं’ आलं तशी त्याची बायको चुलीपासून उठून बाहेर आली. ‘काहीच नको होतं? मला विचारलं होतं का कुणी? मला पत्रे हवे होते छपराला!’

जसमानने फोटो नाकाशी धरला. मला वाटलं, आता फोटो फाडतो. तो फोटोकडे बघत राहिला, बदकांकडे पण बघितलं. मग हळूच म्हणाला, ‘आमा, हे खरं असणार. एवढं खोटं ग्याल्जेनला सुचणार नाही. त्याच्या डोक्यात तेवढी जागाच नाही.’

आणि मग तो जो हसायला लागला! डाल हातातून घरंगळली. ‘आमच्या पाठीवरचं ओझं,’ म्हणतो, ‘आणि त्याच्यावर तिकडच्या म्हाताऱ्या बसून बदकांना पाव घालणार!’ भाऊ पण लागले. एक म्हणाला, डावा पाय माझा. दुसरा म्हणाला, पाठ टेकायची फळी माझी, तिच्यावर कुणी टेकलं तर भाडं घेईन. धाकटा म्हणाला, मला बदकं द्या. बायको तेवढी हसली नाही. ती म्हणाली, बाकावर छप्पर आहे का बघा, पत्रे असतील तर काढून आणा.

मी लगेच पेला भरला. म्हटलं, आता पी. तर त्याने पेल्यावर हात ठेवला. आणि तोंडावरचं हसू गेलं.

‘पैशाचं सोडा आमा,’ तो म्हणाला. ‘पैसे यायचे जायचे. पण तो आमच्यासमोर उभा राहून पोस्टाची गोष्ट सांगून गेला. त्याच्या बापाबरोबर मी एका भाकरीचे दोन तुकडे केलेत. दाजू, माझी फजिती झाली, एवढं म्हणाला असता तर मी त्याला वर्षभर चिडवलं असतं आणि विसरलो असतो. त्याला वाटलं आम्ही हसू. म्हणून त्याने आम्हाला त्याच्यात चोर पाहायला लावला.’

मी पेला परत मडक्यात ओतला. अनीने पोथी मिटावी तशी पत्राची घडी घातली.

तेव्हा तू ल्होसारला, नव्या वर्षाच्या सणाला, घरी ये. घरी म्हणजे आधी च्याम्टेला, मग माझ्याकडे. त्याच्या चुलीपाशी बसून जे पत्रात लिहिलंस ते तोंडाने सांग. दात घासले, मी समोर, हे सुद्धा. काही गाळू नकोस.

छोकीआजी

*

लुकला
२८ चैत्र

आजी,

ल्होसारला तुझ्याकडे जास्त थांबता आलं नाही, राग मानू नकोस. च्याम्टेत काय झालं ते तू खोदून खोदून विचारलंस तरी मी सांगितलं नव्हतं. आता सांगतो. दाजूच्या बायकोने आधी माझ्यासमोर पातेली आपटली. मी सगळं सांगितलं. रुमालापाशी आलो तेव्हा मी चुलीकडे बघत सांगितलं. कुणी हसलं नाही. मग तिने ताट वाढलं, आणि मी खायला लागल्यावर सगळे मिळून हसले. एवढे हसले की शेजारचे बघायला आले आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. दाजू म्हणाला, येतो, पण एका अटीवर. बक्षिसीच्या वेळी तुझ्या तोंडात उकडलेला बटाटा असेल. आख्खा. म्हणजे तुला नाही म्हणता येणार नाही.

मला वाटलं, चेष्टा आहे.

आज संध्याकाळी साहेब उभा राहिला. बिर्गित बाई बाजूला. दाजूने मागून येऊन माझ्या तोंडात बटाटा कोंबला. आजी, तो चुलीवरून तसाच काढला होता! जीभ भाजली. बोलता येईना, गिळता येईना, साहेबासमोर थुंकता येईना. डोळ्यांतून धारा लागल्या.

साहेब घरून तयारी करून आला होता. पाकीट दोन्ही हातांनी पुढे धरलं, वाकला, म्हणाला, ‘प्लीज.’ पुन्हा वाकला, ‘प्लीज.’ तिसऱ्यांदा वाकणार तेवढ्यात त्याला माझे डोळे दिसले. त्याचा चेहरा पडला. बिर्गित बाई म्हणाली, ‘आस्गेर, आपण पुन्हा याला दुखावलं.’ आणि पाकीट मागे जायला लागलं!

मी हात हलवले, मान हलवली. त्याने अजून मागे घेतलं. मग दाजू माझ्या काखेखालून पुढे आला, दोन्ही हातांनी पाकीट धरलं, खाली वाकला आणि आपल्याला येतो तो एकच इंग्रजी शब्द मोठ्याने म्हणाला, ‘येस!’

अंगणात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर त्याने पाकीट फोडलं आणि वाटलं. गेल्या वेळचं सुद्धा त्यात होतं. साहेबाने बाक विकला नाही, पदरचे दुसरे पैसे घातले. बायकोच्या पत्र्यांचं निघालं म्हणून दाजू मान डोलवत होता. सगळ्यांचं झाल्यावर त्याने माझा वाटा माझ्यापुढे धरला.

मी नुकताच बटाटा गिळला होता. तोंड मोकळं झालं आणि सवयीने निघून गेलं, ‘राहू दे दाजू.’

हमाल आपापले वाटे मोजायचे थांबले. साहेबसुद्धा बघायला लागला. मला वाटलं, संपलं.

दाजूने हात मागे घेतला नाही. ‘घे,’ म्हणाला.

‘राहू दे.’ आजी, आता मी घाबरून म्हणालो की खरंच म्हणालो, मला सांगता येत नाही. मला वाटत होतं, मी घेऊ नये.

तेव्हा त्याने माझं मनगट धरलं, मूठ उघडली, पैसे आत ठेवले आणि माझी बोटं एकेक करून मिटवली. म्हणाला, ‘दोनदा झालं. आता घ्यायचं असतं, सरदार.’

या वेळी तो टोमणा नव्हता.

ग्याल्जेन

*

खोप्लुंग
९ वैशाख

ग्याल्जेन,

कागदावर जो ओला डाग आहे तो अनीचा आहे. तिला सर्दी झाली आहे, असं ती सांगते. बघ, खोटं न लिहिणारी बाई खोटं बोलायला लागली.

काल जसमान बायकोला घेऊन वर आला. पत्रे पाठीवर घेऊनच. बाजारातून सरळ घरी जायचं सोडून चढ चढून माझ्याकडे, आणि सांगतो काय, वाटेत पडत होतं तुमचं घर! बसले. मी छांग ओतली. पहिल्यांदा त्याने पेल्यावर हात धरला. दुसऱ्यांदा पुरे म्हणाला. मग मी पेला धरून बसले आणि तो गालातल्या गालात हसत मला रखडवत बसला. शेवटी त्याची बायकोच ओरडली, ‘प्या हो, म्हातारीचा हात दुखतोय!’ तेव्हा प्याला. एकदा प्यायला लागल्यावर मडकं रिकामं करून गेला. आणि जाताना बायकोने माझ्या छांगेला नावं ठेवली, आंबट आहे म्हणाली. इतकं बरं वाटलं मला!

साहेबाला कळव, की पट्टी काढू नका. दोन शब्द वाढवा म्हणावं: ‘पहिल्यांदा’. म्हणजे, ज्याला पहिल्यांदा काहीच नको होतं. अनी म्हणते हा एकच शब्द आहे. असेल. मोजायचं काम तिचं.

आणि आता महत्त्वाचं. बौद्धनाथच्या बाजारात सुके मासे मिळतात, ते लहान, चांदीच्या रंगाचे, मिरची घालून वाटायचे. ते पाठव. मूठभर नको, चांगली पिशवीभर, आणि दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळ, नाहीतर सोबतच्या पत्राचा अनीला वास येतो आणि ती दारात बसून वाचते. सोबत खडीसाखर, जसमानच्या बायकोसाठी वेगळी पुडी. ‘आजी, पाठवू का?’ असं पुन्हा लिहून विचारत बसू नकोस. विचारलंस तर मी नको म्हणेन. नुसतं पाठव.

छोकीआजी (अंगठा)